गेर्शोनला काय कळतं

मंगळवारी सकाळी धुलाईच्या कारखान्याची टॉवेलांची गाडी कुंडाच्या मागच्या दाराशी थांबली. गेर्शोन उतरला, त्याने चार गठ्ठे आत आणले आणि नेहमीसारखं मोठ्याने मोजत फळीवर लावले. मग शेवटच्या गठ्ठ्यातला एक टॉवेल त्याने वेगळा काढला, कडा जुळवून पुन्हा घडी घातली आणि बहिणीच्या, योखेवेदच्या हातात दिला. "हा कुणाला देऊ नकोस," तो म्हणाला. "हा तिर्झासाठी ठेव."

"कोण तिर्झा?"

"आमच्याकडे इस्त्रीवर असते ती. ती इथे येईल ना. नवरी लग्नाच्या आधी इथे येते."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. गेर्शोन पळाला. योखेवेद टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिली. खालच्या खोलीत कुंडात ताजं पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. तिला धक्का बसला तो लग्नाच्या गोष्टीचा नव्हता. तो नंतर बसला, दुपारी, टाइल्स पुसताना. पहिला धक्का साधाच होता. ही जागा कशासाठी आहे ते त्याला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ती या कुंडावर बाई म्हणून काम करत होती, बायका दर महिन्याला शुद्धीसाठी पाण्यात उतरत, ती काठावर उभी राहून बघे, डोकं पूर्ण बुडालं की "कशेर" म्हणे, म्हणजे झालं, शुद्ध, आता घरी जा. किती नवऱ्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. आणि गेर्शोनला तिने सांगितलं होतं की इथे बायका अंघोळीला येतात. त्याने मान हलवली होती. त्याने मान हलवली की त्याला तेवढंच कळलं असं सगळे धरून चालत. तीही.

तो तिच्याहून आठ वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा खूप उशिराने रडला, एवढंच घरात बोललं जाई, आणि तेही आवाज खाली करून. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना तेव्हा इमाने, म्हणजे आईने, त्याला डॉक्टरकडे नेलं आणि परत आल्यावर ती बाजाराची पिशवी तशीच दारात टाकून आतल्या खोलीत गेली. पिशवीतले बटाटे एकेक करून जिन्यावरून खाली गडगडत गेले, आणि गेर्शोन ते मोजत बसला. खरं तर मोजत नव्हता, बोट दाखवत होता. त्या वेळी योखेवेद अकरा वर्षांची होती. घरात काहीतरी झालंय आणि ते शेजाऱ्यांना कळता कामा नये, हे तिला कुणी न सांगता समजलं. पुढे आयुष्यभर ते समजतच राहिलं. अबा, म्हणजे वडील, प्रार्थनेला जाताना त्याला सोबत नेत, पण मागच्या बाकावर बसवत. इमा म्हणे, "त्याला काय कळतं, बसेल शांत." हे वाक्य घरात मिठासारखं होतं, सगळ्यात घातलेलं. त्याला काय कळतं, त्याच्यासमोर बोला. त्याला काय कळतं, त्याचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात करू. इमा गेली त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर गेर्शोन शहराच्या पश्चिमेला सहा पुरुषांच्या एका घरात राहायला गेला. दर शुक्रवारी तो शब्बाथसाठी, आठवड्याच्या पवित्र दिवसासाठी, योखेवेदकडे येई आणि शनिवारी तारे दिसले की तिचा नवरा एल्याकिम त्याला परत सोडून येई. त्याने कधी कुरकूर केली नाही, म्हणून तो तिथे सुखात आहे असं सगळ्यांनी ठरवलं.

गुरुवारी ती त्या घरी गेली. तिथलं सगळं बघणारी ओस्नात स्वयंपाकघरात भोपळा चिरत होती. योखेवेदने विचारल्यावर तिने सुरी खाली ठेवली नाही.

"दोन वर्षं झाली की," ओस्नात म्हणाली. "आख्ख्या कारखान्याला माहीत आहे. तो घड्या घालतो, ती इस्त्री करते. दुपारी एकाच बाकावर जेवतात. तुम्हालाच कसं कळलं नाही?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

योखेवेदने स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाली, "ओस्नात, लग्न म्हणजे खेळ आहे का? बाकावर बसून जेवणं वेगळं. त्याला काय कळतं त्यातलं?"

"ते मी कशाला ठरवू, आणि तुम्ही तरी कशाला? धर्मगुरू आहेत ना, राव हेलमन, त्यांच्याकडे जायचंय सगळ्यांनी. अशी लग्नं त्यांनी आधी लावलीत. काहींना नाहीही म्हटलंय." तिने भोपळ्याच्या फोडी पातेल्यात लोटल्या. "तिर्झा अंगणात आहे. भेटून घ्या. चावत नाही ती."

अंगणात लिंबाच्या झाडाखाली एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. चाळिशीची असेल, पण तिरक्या डोळ्यांमुळे आणि आखूड मानेमुळे वय ओळखू येत नव्हतं. नखं लालभडक रंगवलेली. शेजारी गेर्शोन उभा, तिची पर्स धरून. तिने योखेवेदला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू योखी," ती म्हणाली. "तुझा फोन आला की हा माझ्याशी बोलत नाही. म्हणतो गप्प बस, योखीचा फोन आहे."

"मग मी कधी करू फोन?"

तिर्झाने विचार केला. "सकाळी. सकाळी मला पण तो नको असतो."

गेर्शोन हसला. हे हसणं योखेवेदने पाहिलेलं नव्हतं. तो नेहमी दुसरे हसले की हसायचा, क्षणभर उशिरा, आजूबाजूला बघत. आत्ता त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

परतताना बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर वाळवंटाकडून आलेला वारा होता, आकाश पिवळं, धुळीने भरलेलं, आणि टेकड्यांवरची घरं पाण्यातून पाहावीत तशी थरथरत होती. तिला लहानपणी अबांकडून ऐकलेल्या गोष्टी आठवल्या. ज्याला जाण नाही त्याने अंगठी घातली तर ती नुसतंच धातूचं कडं, लग्न नव्हे. पण जाण म्हणजे किती? गणित यायला हवं का? सगळे सण ओळीने सांगता यायला हवेत? यावर जुन्या पंडितांनी पानंच्या पानं वाद घातले होते. ठार वेडा एकीकडे आणि भोळा, मंद, हळू समजणारा एकीकडे, अशी रेघ कुणी इथे ओढली, कुणी तिथे. अबा ते रंगात येऊन सांगत, टेबलावर अंगठ्याने रेघ ओढून दाखवत, आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेर्शोन सूप पीत बसलेला असे. अबांनी आपल्या मुलाला रेघेच्या कुठल्या बाजूला ठेवलं होतं, ते कुणी कधी विचारलं नाही.

आणि मग तिला तो एक दिवस आठवला. तो दिवस ती शक्यतो आठवत नसे. ती वीस वर्षांची. एल्याकिमच्या घरचे तिला बघायला यायचे होते. इमाने आदल्या दिवशी गेर्शोनची बॅग भरली, त्याला नवा निळा शर्ट घातला आणि तिबेरियाच्या बसमध्ये बसवलं. "आत्याला एकटं वाटतंय, तिला सोबत कर." बारा वर्षांचा मुलगा, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, गळ्यात पत्त्याची चिठ्ठी. पाहुणे आले तेव्हा भिंतीवरचा त्याचा फोटोही काढून ठेवला होता. घरात असा भाऊ आहे म्हटलं की स्थळं परत जात. लोक तोंडावर काही बोलत नसत, फक्त मध्यस्थ बाईचा फोन येईनासा होई. साखरपुडा झाला, चार महिन्यांनी लग्न झालं, आणि लग्नालाही गेर्शोन तिबेरियालाच होता. सहा आठवड्यांनी एल्याकिम पहिल्यांदा शब्बाथच्या जेवणाला सासरी आला. टेबलाशी एक मोठा मुलगा बसलेला, हनुवटीवर सूप. एल्याकिमने काही न बोलता ब्रेडचा तुकडा तोडून त्याच्याकडे सरकवला. घरी जाताना रस्त्यात तो म्हणाला, "तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तरी मी हो म्हणालो असतो." चांगला माणूस. चौतीस वर्षांत त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि गेर्शोनला मुलासारखं वागवलं. पण ते वाक्य खरं होतं का, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. एल्याकिमलाही नाही. त्याला हो म्हणायची संधीच त्यांनी दिली नव्हती. कधीकधी तो झोपलेला असताना तिला वाटे, याला उठवून विचारावं. मग वाटे, विचारून काय मिळणार? आता तो हो म्हणणारच.

ऐन उन्हाळ्यातला आव महिन्याचा उपास संपला की लगेच लग्न, असं ओस्नातने आणि तिर्झाचे वडील रहमीम यांनी ठरवत आणलं होतं. रहमीम म्हणजे म्हातारा बेकरीवाला, बायको गेलेली, हातावर भट्टीच्या जुन्या भाजल्याच्या खुणा. "चाळीस वर्षं माझी पोरगी माझं डोकं खातेय," तो फोनवर म्हणाला, "आता तुमच्या भावाचं खाऊ दे," आणि मग फोनवरच रडला. योखेवेदला तो आवडला. सगळं होण्यासारखं होतं. आणि त्याच आठवड्यात पेसियाबाईंचा फोन आला.

पेसियाबाई स्थळं जुळवत. आयाला, योखेवेदची धाकटी मुलगी, एकवीस वर्षांची. तिच्यासाठी एका मुलाचं बोलणं चाललं होतं, तीन वेळा दोघं भेटली होती, आणि तिसऱ्या भेटीनंतर आयाला घरात गुणगुणत फिरत होती. "नव्वद टक्के झाल्यासारखंच आहे," पेसियाबाई म्हणाल्या. "पण कानावर आलं, तुमच्या भावाचं काहीतरी... लग्न वगैरे? योखेवेद, मी म्हणते करा, पुण्याचंच काम आहे. पण आत्ताच का? हॉल, पत्रिका, लोक येणार, फोटो निघणार. तुम्हाला भाऊ आहे एवढंच मी मुलाच्या आईला सांगितलंय. कसा आहे ते तिने विचारलं नाही, मी बोलले नाही. सुक्कोतचा सण होऊन जाऊ दे. तोवर आपलं पक्कं होईल. तीन महिन्यांनी त्याचं काय अडतंय? त्याला काय कळतं उन्हाळा आणि हिवाळा!"

योखेवेदने फोन ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती मधल्या सगळ्या वेळात मान हलवत होती. शुक्रवारी गेर्शोन आला. तिने त्याला बाल्कनीत बसवून कलिंगड कापून दिलं. "लग्न जरा पुढे ढकलू या का? आव महिन्यात फार ऊन असतं. लोकांना त्रास होतो. सुक्कोतनंतर छान गार असतं."

गेर्शोनने बी तोंडातून काढून ताटलीच्या कडेला ठेवली. तो एकेक बी ओळीत ठेवत असे. "बरं," तो म्हणाला.

"राग नाही ना आला?"

"नाही. ऊन असतं." आणि त्याने पुढची फोड घेतली.

इतकं सोपं. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्या शब्बाथला तिने दोनदा मीठ घातलेलं सूप वाढलं आणि कुणी काही बोललं नाही.

राव हेलमनांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पुस्तकांची कपाटं, एक पंखा, टेबलावर काचेच्या ग्लासात गार झालेला चहा. राव साठीचे, किडकिडीत, एका कानाने कमी ऐकणारे. ते दारापर्यंत आले. "रेब गेर्शोन, या, बसा," ते म्हणाले. गेर्शोनने मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. शेहेचाळीस वर्षांत कुणी त्याला रेब म्हटलं नव्हतं, कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. तो बसला, पण खुर्चीच्या अगदी टोकावर. योखेवेद, रहमीम आणि ओस्नात भिंतीला लागून बसले. तिर्झाशी आधीच बोलणं झालं होतं. ती बाहेर बाकावर बसून बिस्किटं खात होती. मुलांचा प्रश्न रावांनी तिलाच विचारला होता. "बाळ नको," ती म्हणाली होती. "माझ्या मामेबहिणीचं बाळ रडलं की मी पण रडते. मग गप्प कुणी करायचं?" रावांनी डॉक्टरांचं नाव लिहून रहमीमला दिलं होतं आणि म्हटलं होतं की याची परवानगी मी देतो, जबाबदारी माझी, यावर कुणी तुम्हाला टोचून बोललं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

"रेब गेर्शोन," राव म्हणाले, "बायको म्हणजे काय?"

गेर्शोनने टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलं. योखेवेदच्या तोंडात उत्तर आलं, तिने ते गिळलं. आयुष्यभर ती त्याची वाक्यं पूर्ण करत आली होती.

"बायको असते," तो म्हणाला.

"बहीणही असते."

"नाही. योखी येते." त्याने बोटाने तिच्याकडे दाखवलं. "येते आणि मग जाते. मी पण तिच्याकडे जातो आणि मग एल्याकिम मला सोडतो. तिर्झाला कुणी कुठे सोडायचं नाही. ती असणार."

पंखा फिरत होता. रावांनी चहाचा ग्लास उगाच थोडा सरकवला.

"तुम्ही तिला अंगठी दिलीत आणि तिने घेतली. मग काय झालं?"

"मग तिने दुसऱ्या कुणाची घ्यायची नाही."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडे एकच आहे."

ओस्नातने रुमाल तोंडाशी धरला. राव हसले नाहीत. "भांडण झालं तर?"

"रोज होतं. ती खिडकी उघडते, मला थंडी वाजते."

"मग काय करता?"

"स्वेटर घालतो."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

"उन्हाळ्यात ती पंखा लावते," गेर्शोन सहनशीलपणे म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगावं तसा.

रावांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मान वर न करताच विचारलं, "तारीख सुक्कोतनंतरची लिहून आलीय. आधी आव महिन्यातली होती. पुढे का ढकलली?"

"ऊन असतं म्हणून," योखेवेद पटकन म्हणाली.

"मी रेब गेर्शोनना विचारतोय."

गेर्शोनने हात मांडीवर ठेवले. "आयालाला मुलगा बघायला येतोय," तो म्हणाला. "मी दिसायला नको. दिसलो तर तो येत नाही." थांबून, आठवून, त्याने पुढे सांगितलं, "योखीच्या वेळेला पण मी आत्याकडे गेलो होतो. इमा म्हणाली आत्याला एकटं वाटतं. पण आत्याकडे खूप माणसं होती. योखीचं लग्न होतं. आत्याने सांगितलं नाही, पण तिने टेबलावर केक ठेवला. मी खाल्ला." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. प्रश्नाचं उत्तर तो देत होता, जे विचारलं तेवढं. "लग्न असलं की असं करायला लागतं. आता माझंच आहे, म्हणून मी विचार केला, मी कुठे जाणार? मग योखी म्हणाली नंतर करू. मग बरं."

योखेवेदला आपल्या पायांखालची फरशी, तिच्यावरचे काळे-पांढरे चौकोन एकाएकी फार स्पष्ट दिसू लागले, एका चौकोनाचा कोपरा तुटलेला, त्यात धूळ. तो चौतीस वर्षं जाणून होता. दर शुक्रवारी येऊन तिच्या टेबलावर जेवत होता, तिच्या मुलांना खांद्यावर घेत होता, आणि जाणून होता. आपण कुणापासून काय लपवलं? लपवलं ते फक्त आपण, एकमेकांपासून. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही. एक विचित्र शांतता आली, दुखरा दात उपटल्यावर जीभ त्या जागी जाते तशी.

रावांनी पेनाला टोपण लावलं. "याला जाण आहे का, हे ठरवायला मला बोलावलं होतं," ते भिंतीकडच्या माणसांना म्हणाले. "ठरलं. तारीख तुम्ही ठरवा." आणि मग योखेवेदकडे वळून, आवाज खाली करून, "बाई, तुमची परवानगी लागत नाही. कायद्याने फक्त या दोघांची लागते. तुम्हाला काही म्हणायचंय का, एवढंच मी विचारतो."

"आव महिन्यात," योखेवेद म्हणाली. "आधी होती तीच."

बाहेर जिन्यात तिने गेर्शोनचा दंड धरला. "गेर्शोन, माझ्या लग्नात तू हवा होतास."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला कुठे बोलावलं होतंस," तो म्हणाला. मग तिर्झाच्या हातातलं बिस्किटांचं पाकीट रिकामं झालेलं त्याला दिसलं आणि तो तिच्याशी भांडायला गेला.

पत्रिका छापल्या. योखेवेदने स्वतः एक पेसियाबाईंकडे नेऊन दिली, आणि मुलाच्या आईसाठी एक. आठवड्याभरात निरोप आला: मुलाला अजून एक वर्ष शिकायचंय, मुलगी फार चांगली आहे, देव तिला योग्य स्थळ देवो. आयाला दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडून म्हणाली, "इमा, तू मला आधी विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"माहीत नाही," आयाला म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "मला विचारायचं तरी."

तेच, योखेवेदच्या मनात आलं. पुन्हा तेच, उलट्या बाजूने. एकाला झाकताना विचारलं नाही, एकाला उघडताना विचारलं नाही. तिने मुलीची माफी मागितली. आयालाने ती लगेच दिली नाही. पण संध्याकाळी तिर्झाचा पांढरा झगा आला, बाह्या वीतभर लांब, आणि आयाला कुणी न सांगता टाचण्या तोंडात धरून बाह्या उचलायला बसली. एल्याकिमने तिच्याजवळ चहाचा कप ठेवला आणि बायकोकडे बघून म्हणाला, "मी तेव्हाही हो म्हणालो असतो." इतक्या वर्षांनी, विचारल्याशिवाय. तिने त्याच्याकडे पाहिलं. खरं का खोटं, याचा शोध तिने त्या वेळी घेतला नाही. त्याने चहा चांगला केला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तिर्झा कुंडावर आली. नवरीला दिवसा येता येतं, आणि अंधाराची तिला भीती वाटे. पहिलं भांडण नखांवरून झालं. लाल रंग काढायचा नाही म्हणजे नाही. "अंगावर काही नको, तुझ्या आणि पाण्याच्या मध्ये काही नको," योखेवेदने सांगितलं. "उद्या सकाळी पुन्हा लावू, मीच लावून देईन." तिर्झाने हात पुढे केले, एकेक बोट, जड मनाने. केस विंचरले, गुंता सोडवला, पाठीवर चिकटलेला एक केस काढला. मग ती सात पायऱ्या उतरून छातीपर्यंत पाण्यात गेली आणि थांबली.

"आता डोकं खाली. क्षणभर."

"नको."

"मी इथे आहे."

"तू वर आहेस," तिर्झा म्हणाली. "मी खाली आहे." तिने वर पाहिलं. "डोक्यावर पाणी आलं की काही ऐकू येत नाही. मग सगळे जातात."

कितीजणींना योखेवेदने समजावलं होतं. श्वास घे, डोळे मीट, तीन मोज. शब्द पाठ होते. ते तिच्या जिभेवर आले आणि थांबले. तिने चपला काढल्या, डोक्यावरचा रुमाल सोडून खुंटीला अडकवला, आणि अंगातल्या कामाच्या झग्यासकट पायऱ्या उतरू लागली. पाणी कोमट होतं. झगा फुगून वर आला, तिने तो हातांनी दाबला. सत्तावीस वर्षं ती या पाण्याच्या काठावर उभी होती. वय झाल्यापासून स्वतःसाठी उतरायचं कारण उरलं नव्हतं. पाण्यातून खोली वेगळी दिसत होती, छत उंच, ती नेहमी उभी राहायची ती जागा रिकामी.

"बघ," ती म्हणाली, आणि गुडघे वाकवले.

पाणी डोक्यावर मिटलं. खरंच काही ऐकू येत नव्हतं. ना पंप, ना रस्ता. डोळे उघडे ठेवले तेव्हा समोर तिर्झाचे दोन जाड, पांढरे पाय, बोटं फरशीला घट्ट धरलेली. योखेवेद थोडी जास्तच राहिली. वर आली तेव्हा पांढरे केस तोंडावर आलेले, नाकातून पाणी, आणि तिर्झा तिच्याकडे वाकून, डोळे बारीक करून, नीट पारखून बघत होती.

"केस सगळे गेले होते पाण्यात," तिर्झा म्हणाली. मग तिने जोरात, सगळ्या खोलीत घुमेल असं ओरडून सांगितलं, "कशेर!"

योखेवेदने तोंड पुसायला हात वर केला, पण हातही ओलाच होता.

"रडू नकोस," तिर्झा म्हणाली. "आता माझी पाळी." आणि तिने दोन बोटांनी नाक धरलं.

"नाक नाही धरायचं."

"असं कसं नाही धरायचं?"

"असंच."

तिर्झाने नाक सोडलं, एक शिवी पुटपुटली जी नक्कीच बेकरीतली होती, आणि बुडी मारली.

लग्न एका छोट्या बागेत झालं, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ऊन खरोखरच फार होतं. धुलाईच्या कारखान्यातले सगळे आले होते, आणि आयाला टाचण्यांची डबी घेऊन तिर्झाच्या मागे मागे फिरत होती. मांडवाखाली रावांनी एकेक शब्द सांगायचा आणि गेर्शोनने मागून म्हणायचा असं ठरलं होतं. पण गेर्शोनने सबंध वाक्य आठवडाभर पाठ केलं होतं, आणि रावांच्या पुढे पळून ते एका दमात म्हणून टाकलं. "पुन्हा," राव म्हणाले, "हळू. तिला ऐकू द्या." तो पुन्हा म्हणाला, हळू, तिर्झाकडे बघत. तिने बोट पुढे केलं; नख लाल होतं. साक्षीदारांनी अंगठी पाहिली. रीतीची काच गेर्शोनच्या पायाखाली एका दणक्यात फुटली. एल्याकिम इतक्या जोरात ओरडला की रहमीम दचकला.

मग रीतीप्रमाणे दोघांना एका खोलीत नेलं. नवरा-नवरी पहिल्यांदा एकटी, दार लावून, आणि बाहेर दोन साक्षीदार. बागेच्या ऑफिसची खोली होती, आत एक टेबल, दोन खुर्च्या, झाकून ठेवलेलं जेवण. दार लागलं. आतून कडी लावायला गेर्शोनला वेळ लागला. खुडबुड ऐकू आली, तिर्झा म्हणाली "उलटी फिरव," आणि कडी बसली. योखेवेद बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. तिचं काम तिथे काहीच नव्हतं. बाहेर वाजंत्री सुरू होती, लोक तिला हाका मारत होते.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आतून एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एकदा तिर्झाचं हसू, मग बराच वेळ काहीच नाही. ओस्नात घाईघाईने आली, हातात पाण्याचा ग्लास आणि गोळी. "साडेसातची त्याची गोळी राहिली," ती कुजबुजली. "तुम्ही हाक मारा, तुमचं ऐकतो तो."

साक्षीदारांपैकी म्हाताऱ्याने घड्याळ पाहिलं. "आमच्याकडून वेळ पुरा झाला. दार वाजवलं तरी चालेल."

योखेवेदचा हात उठला. दारापर्यंत गेला. बोटांची पेरं लाकडापासून दोन बोटं अंतरावर होती.

"अर्ध्या तासाने गोळी घेतली तर काय होतं?" तिने विचारलं.

"काही होत नाही," ओस्नात म्हणाली.

तिने हात खाली घेतला, ओस्नातच्या हातातला ग्लास घेऊन खिडकीच्या कठड्यावर ठेवला, त्याच्याशेजारी गोळी, आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"राहू दे अजून थोडं," ती म्हणाली.